वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात: उदय लळीत यांच्या वाटचालीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उदय लळीत कोण?

भारताचे ४९ वे सरन्यायाधीश. जन्म ९ नोव्हेंबर १९५७. ऑगस्ट २०१४ मध्ये ते वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मध्ये कुठल्याही उच्च न्यायालयात ते न्यायाधीश नव्हते. २७ ऑगस्ट २०२२ रोजी ते सरन्यायाधीश झाले आणि ८ नोव्हेंबर २०२२ रोजी वयाच्या ६५ व्या वर्षी निवृत्त झाले.

आडनाव ‘ललित’ की ‘लळीत’?

लळीत. दिल्लीच्या बातम्या ऐकून आपल्याकडचेही काही जण ‘ललित’ म्हणतात, पण ‘ळ’ न म्हणणाऱ्यांची ती अडचण आपण उचलायचं कारण नाही. कोकणात उत्सवाच्या अखेरीला लळीत होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा शब्द नवा नाही. घराणंही मूळचं सिंधुदुर्गातल्या देवगड तालुक्यातलं. आजोबा वकिलीसाठी सोलापुरात आले आणि तिथलेच झाले.

घरात वकिली होती म्हणजे सगळं आयतं मिळालं, असं नाही का?

हा प्रश्न हमखास येतो. तो विचारणाऱ्यांना या घराची अर्धीच गोष्ट ठाऊक असते.

आजोबा सोलापूरचे वकील, वडील उमेश लळीत हेही वकील. वडील मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश झाले आणि नागपूर खंडपीठावर बसले. अतिरिक्त न्यायाधीशाची नेमणूक ठरावीक मुदतीची असते, एरवी मुदत संपता संपता त्याला कायम केलं जातं. उमेश लळीतांची मुदत आणीबाणीत संपली आणि त्यांना कायम केलं गेलं नाही. त्या काळात अटकेतल्या लोकांना त्यांनी जामीन दिला, तेच सरकारला खुपलं, असं वकील मंडळी आजही सांगतात. खुर्ची गेल्यावर त्यांनी पुन्हा काळा कोट चढवला आणि दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात फौजदारी बाजूचे वरिष्ठ वकील म्हणून मोठं नाव कमावलं.

म्हणजे मुलानं कायद्याच्या अभ्यासाला हात घातला, तेव्हा न्यायाधीशपद सरकारच्या मर्जीमुळे कसं जातं हे त्यानं घरातच पाहिलेलं होतं. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रपती भवनात सरन्यायाधीशपदाची शपथ झाल्यावर ते नव्वदीतल्या वडिलांच्या पाया पडले. ते दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. त्यामागे ही पंचेचाळीस वर्षांपूर्वीची न झालेली नेमणूक होती, म्हणून मला ते निव्वळ कौटुंबिक दृश्य वाटत नाही.

शिक्षण कुठे झालं? वकिलीची सुरुवात कशी झाली?

कायद्याची पदवी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून. जून १९८३ मध्ये सनद घेतली आणि १९८५ च्या अखेरपर्यंत मुंबई उच्च न्यायालयात काम केलं. जानेवारी १९८६ मध्ये दिल्ली गाठली.

दिल्लीत सहा वर्षं, १९८६ ते १९९२, ते सोली सोराबजी यांच्याबरोबर होते. सोराबजी मूळचे मुंबईचे आणि याच काळात देशाचे ॲटर्नी जनरलही झाले. अशा सीनिअरच्या चेंबरमध्ये ज्युनिअर काय शिकतो, हे वकिली न केलेल्याला सांगणं कठीण आहे. कायदा पुस्तकातही सापडतो. पण कोणता मुद्दा सोडून द्यायचा, पीठाच्या प्रश्नाला आडवळणानं न जाता कसं उत्तर द्यायचं, समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा नीट कशी मांडायची, हे सीनिअरच्या मागे ब्रीफ, म्हणजे खटल्याचे कागद, घेऊन उभं राहिल्यानंच येतं. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना वरिष्ठ वकील म्हणून मान्यता दिली.

वकील म्हणून त्यांचं नाव कशामुळे झालं?

मुख्यतः फौजदारी प्रकरणांमुळे. अशिलांत राजकारणी, लष्करी अधिकारी, अभिनेते असे सगळे होते. लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांचा जन्मतारखेचा वाद त्यांनीच लढवला होता.

सर्वांत मोठी जबाबदारी २०११ मध्ये आली. मोबाइल परवान्यांच्या वाटपातल्या कथित गैरव्यवहाराच्या, म्हणजे टूजी स्पेक्ट्रम प्रकरणात सीबीआयच्या बाजूनं खटला चालवायला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना विशेष सरकारी वकील नेमलं. हयातभर आरोपीच्या बाजूनं उभं राहिलेल्या माणसाला देशातल्या सर्वांत गाजलेल्या खटल्यात फिर्यादी पक्षाकडे बसवणं ही न्यायालयानं दिलेली मोठी पावती होती. भांडखोर वकील म्हणून त्यांची ख्याती कधीच नव्हती. आवाज न चढवता, ठरलेल्या वेळेत, मुद्द्यापुरतं बोलणारा वकील अशीच ती होती.

वकील थेट सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होऊ शकतो का?

हो. राज्यघटनेच्या कलम १२४(३) मध्ये तीन वाटा दिलेल्या आहेत: उच्च न्यायालयात किमान ५ वर्षं न्यायाधीश असलेली व्यक्ती, उच्च न्यायालयात किमान १० वर्षं वकिली केलेली व्यक्ती, किंवा राष्ट्रपतींच्या मते नामवंत कायदेपंडित असलेली व्यक्ती. तिसऱ्या वाटेनं आजवर कोणीच आलेलं नाही, आणि पहिलीवर कायम गर्दी असते.

यासाठी अर्ज करावा लागतो का?

नाही. परीक्षा नाही, मुलाखत नाही, जाहिरातही नाही. सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठतम न्यायाधीश यांचं न्यायवृंद, म्हणजे ज्याला सगळे कॉलेजियम म्हणतात, ते नाव ठरवतं. संबंधित वकिलाची संमती घेतली जाते. नाव केंद्र सरकारकडे जातं, गुप्तचर विभाग पार्श्वभूमी तपासतो आणि शेवटी राष्ट्रपतींच्या सहीनं नेमणूक होते. सरकार नाव परत पाठवू शकतं. न्यायवृंदानं तेच नाव पुन्हा पाठवलं तर ते मान्य करावं, असा दंडक आहे. पण दोन्ही पत्रांच्या मधल्या काळात किती दिवस जावेत याला दंडक नाही, आणि अनेक चांगली नावं त्या काळातच थकून माघार घेतात.

२०१४ मध्ये त्यांचं नाव कसं पुढे आलं?

हा भाग थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण अर्धवट माहितीवर बरेच वाद होतात.

२०१४ च्या मे महिन्यात सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या न्यायवृंदानं चार नावं पाठवली होती. त्यात दोन वकील होते, रोहिंटन नरिमन आणि माजी सॉलिसिटर जनरल गोपाल सुब्रमण्यम. केंद्रात नुकतंच सरकार बदललं होतं. नव्या सरकारनं सुब्रमण्यम यांचं नाव वेगळं काढलं आणि बाकीची मान्य केली. अमित शहा तेव्हा आरोपी असलेल्या सोहराबुद्दीन शेख चकमक प्रकरणात सुब्रमण्यम न्यायालयाचे सहायक वकील होते, त्याचा हा परिणाम असल्याचं त्यांनी स्वतः उघडपणे म्हटलं आणि जूनमध्ये आपली संमती मागे घेतली. यादी अशी परस्पर फोडल्याबद्दल सरन्यायाधीश लोढा यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली.

त्यानंतर न्यायवृंदानं लळीत यांचं नाव सुचवलं आणि १३ ऑगस्ट २०१४ रोजी त्यांचा शपथविधी झाला. त्याच दिवशी लोकसभेत न्यायिक नियुक्ती आयोगाचं विधेयक मंजूर होत होतं. ज्या पद्धतीनं लळीत न्यायाधीश झाले तीच पद्धत मोडीत काढणारं ते विधेयक होतं. पुढे ऑक्टोबर २०१५ मध्ये घटनापीठानं ४ विरुद्ध १ अशा मतांनी तो आयोग घटनाबाह्य ठरवला.

त्यांनी अमित शहा यांचं वकीलपत्र घेतलं होतं. मग नेमणूक निःपक्ष कशी म्हणायची?

वकीलपत्र घेतलं होतं, आणि प्रकरणही चकमकींचंच होतं. ज्यांचं नाव वगळलं गेलं ते सुब्रमण्यम त्याच वादात दुसऱ्या बाजूला होते, त्यामुळे शंका येणं स्वाभाविक आहे. तिला चूप बसवून चालणार नाही.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. सुब्रमण्यम यांच्या बाबतीत सरकारनं जे केलं ते चूक होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या चुकीचं माप लळीतांच्या पदरात घालणं मात्र मला पटत नाही. वकील अशिलाची बाजू मांडतो, त्याचं आयुष्य अंगाला लावून घेत नाही. त्यांच्याकडे वेगवेगळ्या पक्षांचे अशील होते, पंजाबचे काँग्रेस नेते अमरिंदर सिंग त्यातलेच. माणूस न्यायाधीश झाल्यावर कसा वागला, हे त्याच्या निकालांवरून आणि त्याने कोणती प्रकरणं हातात घेतली नाहीत त्यावरून जोखावं.

न्यायाधीश होताना हातातल्या प्रकरणांचं काय होतं?

सगळी सोडावी लागतात. ब्रीफं परत जातात, अशिलांना दुसरा वकील बघायला सांगावं लागतं, चेंबरमधल्या ज्युनिअरना नवी जागा शोधावी लागते. टूजी खटला तेव्हा ऐन भरात होता. लळीत न्यायाधीश झाल्यावर त्यांच्या जागी ज्येष्ठ वकील आनंद ग्रोव्हर नेमले गेले. त्या खटल्यातले सगळे आरोपी डिसेंबर २०१७ मध्ये सुटले.

पैशाचंही बोलायला हवं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा मूळ पगार महिना ९० हजार रुपये होता. दिल्लीतला नावाजलेला सीनिअर एकदा उभा राहण्याची फी त्याहून जास्त घेत असे. म्हणूनच संमती मागितल्यावर नकार देणारे वकील कमी नसतात.

जुने अशील न्यायाधीशाच्या आड येतात का?

येतात, आणि लळीत यांच्या कारकिर्दीत हे जेवढं ठळक दिसलं तेवढं क्वचितच दिसतं. उच्च न्यायालयात पंधरा वर्षं काढून वर आलेल्या न्यायाधीशाच्या वकिलीवर तोवर धूळ बसलेली असते. बारमधून, म्हणजे वकिलीतून, थेट आलेल्याची वकालतपत्रं मात्र कालपरवाची असतात. आणि फौजदारी वकिली मोठी असेल तर देशातल्या गाजलेल्या निम्म्या प्रकरणांत त्याचा कुठे ना कुठे हात लागलेला असतो.

सर्वांत मोठं उदाहरण अयोध्येचं. १० जानेवारी २०१९ रोजी पाच न्यायाधीशांचं घटनापीठ पहिल्यांदा बसलं, त्यात लळीत होते. ज्येष्ठ वकील राजीव धवन यांनी निदर्शनास आणलं की बाबरी प्रकरणाशी संबंधित एका जुन्या अवमान खटल्यात लळीत हे उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कल्याण सिंग यांच्या वतीनं उभे राहिले होते. तुम्ही बाजूला व्हा, अशी मागणी धवन यांनी केलेली नव्हती, फक्त बाब नोंदवली होती. तरीही लळीत तिथल्या तिथे बाजूला झाले आणि पीठ नव्यानं बांधावं लागलं. ९ नोव्हेंबर २०१९ चा ऐतिहासिक निकाल दिला तो त्या नव्या पीठानं.

त्याआधी १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला दोषी याकूब मेमन याच्या अर्जावरच्या आणि २००८ च्या मालेगाव बॉम्बस्फोट प्रकरणातल्या सुनावणीतूनही ते बाजूला झाले होते. ‘वारंवार बाजूला होणारे न्यायाधीश’ असं त्यावरून काहींनी म्हटलं. मला हा दोष वाटत नाही. बारमधून थेट न्यायाधीश नेमायचा तर ही किंमत व्यवस्थेनं आधीच गृहीत धरायला हवी. अयोध्येसारख्या प्रकरणात बसण्याचा मोह कोणत्या न्यायाधीशाला होणार नाही? इतिहासात नाव राहतं. कोणी मागणी केलेली नसताना तिथून उठणं सोपं नसतं.

त्यांचे महत्त्वाचे निकाल कोणते?

यादी लांब आहे, म्हणून मला महत्त्वाचे वाटतात तेवढेच सांगतो.

तोंडी तिहेरी तलाक २२ ऑगस्ट २०१७ रोजी ३ विरुद्ध २ मतांनी रद्द झाला. बहुमतातल्या तिघांपैकी दोघे, नरिमन आणि लळीत, बारमधून थेट आलेले होते. नरिमन यांनी दोघांच्या वतीनं लिहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्या. आदर्श गोयल आणि लळीत यांच्या पीठानं सांगितलं की परस्परसंमतीच्या घटस्फोटातली सहा महिन्यांची थांबण्याची अट न्यायालय शिथिल करू शकतं. वर्तमानपत्रात याची मोठी बातमी होत नाही, पण कौटुंबिक न्यायालयाच्या बाकांवर बसलेल्या हजारोंच्या आयुष्याला थेट भिडणारा निकाल हा आहे.

तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिराचा जुलै २०२० मधला निकाल लळीत आणि इंदू मल्होत्रा यांच्या पीठाचा. दोघंही थेट बारमधले. मंदिराच्या व्यवस्थापनातले त्रावणकोर राजघराण्याचे हक्क त्यांनी मान्य केले.

नोव्हेंबर २०२१ चा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचा निकाल आपल्याला जवळचा आहे. त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नसेल तर तो या कायद्याखाली लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं जानेवारीत दिला होता. लळीत यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठानं तो रद्द केला. स्पर्शामागचा लैंगिक हेतू पाहायचा, मध्ये कपडा होता की नाही हे नाही, असं ते पीठ म्हणालं.

ॲट्रॉसिटी कायद्याच्या निकालाबद्दल काय?

तो निकाल २० मार्च २०१८ चा. खटला महाराष्ट्रातला, कऱ्हाडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातल्या शेऱ्यांवरून सुरू झालेला. गोयल आणि लळीत यांच्या पीठानं सांगितलं की तक्रारीची आधी प्राथमिक चौकशी व्हावी, सरकारी नोकराला अटक करण्याआधी नेमणूक अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी, आणि सकृद्दर्शनी गुन्हा दिसत नसेल तर अटकपूर्व जामीन मिळू शकतो.

देशभर संताप उसळला. २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेनं कायद्यात दुरुस्ती करून या अटी काढून टाकणारं कलम १८-अ आणलं आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठानं ते निर्देश मागे घेतले. त्या पीठात पुढे सरन्यायाधीश झालेले भूषण गवई होते.

लळीत यांच्याविषयी आदर असूनही मला हा निकाल चुकलेला वाटतो. फौजदारी वकिलाला नाहक अडकलेला आरोपी रोज दिसतो, तो त्याच्या चेंबरमध्ये येऊन रडतो. ज्याची तक्रार पोलीस ठाण्यात नोंदवूनच घेतली गेली नाही, तो दलित मजूर त्या चेंबरपर्यंत पोचतच नाही. बारमधून न्यायाधीश येतो तेव्हा तो अनुभव आणतो, आणि त्या अनुभवात जे दिसलं नाही तेही त्याच्याबरोबर येतं.

फक्त ७४ दिवसांचे सरन्यायाधीश. इतक्या थोड्या दिवसांत काय होणार?

पुष्कळ झालं. सरन्यायाधीश होण्याआधीच, जुलै २०२२ मध्ये, त्यांनी आपलं पीठ साडेदहाऐवजी साडेनऊला बसवलं होतं. मुलं सकाळी सातला शाळेत जाऊ शकतात, तर आपण नऊला का येऊ शकत नाही, असं ते म्हणाले होते. पदावर आल्यावर वर्षानुवर्षं पडून असलेली घटनापीठांची प्रकरणं त्यांनी सुनावणीला आणली. एकाच वेळी तीन घटनापीठं बसताना दिसू लागली.

२७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांच्या सुनावणीचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. महाराष्ट्राला तो दिवस चांगलाच आठवत असेल. शिवसेनेतल्या फुटीचं प्रकरण त्या दिवशी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठासमोर होतं आणि गावोगावी लोक मोबाइलवर वकिलांचे युक्तिवाद ऐकत होते. न्यायालयात प्रत्यक्षात काय चालतं हे अनेकांनी तेव्हा प्रथमच पाहिलं.

याच काळात त्यांच्या पीठानं गुजरात दंगलपीडितांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्या तीस्ता सेटलवाड यांना अंतरिम जामीन आणि पत्रकार सिद्दीक कप्पन यांना जामीन दिला. अमित शहांचे जुने वकील म्हणून ज्यांनी बोट दाखवलं होतं, त्यांनी हे दोन आदेशही वाचावेत.

आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाला त्यांनी विरोध केला होता का?

हो, पण नेमका कशाला ते समजून घ्यायला हवं. ७ नोव्हेंबर २०२२, त्यांच्या कामकाजाचा शेवटचा दिवस. हे आरक्षण आणणारी १०३ वी घटनादुरुस्ती ३ विरुद्ध २ मतांनी वैध ठरली. न्या. रवींद्र भट यांनी अल्पमताचा निकाल लिहिला आणि सरन्यायाधीश लळीत यांनी त्याला सहमती दिली. आर्थिक निकष या दोघांना अमान्य नव्हता. या आरक्षणातून अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातल्या गरिबांना वगळणं त्यांना अमान्य होतं. सरन्यायाधीश स्वतः अल्पमतात असणं ही दुर्मीळ गोष्ट असते.

त्यांच्या कारकिर्दीत नेमणुकांवरून वाद झाला होता ना?

झाला होता. ३० सप्टेंबर २०२२ ची न्यायवृंदाची बैठक होऊ शकली नाही, कारण न्या. चंद्रचूड रात्री नऊनंतरही सुनावणी घेत होते. मग लळीत यांनी चार नावांचा प्रस्ताव पत्रानं सदस्यांकडे पाठवला. दोन सदस्यांनी या पद्धतीला हरकत घेतली. नावांना त्यांचा विरोध नव्हता, चर्चा समोरासमोर व्हावी एवढंच म्हणणं होतं. प्रस्ताव बारगळला. त्या चौघांत ज्येष्ठ वकील के. व्ही. विश्वनाथन होते. मे २०२३ मध्ये तेही बारमधून थेट न्यायाधीश झालेच.

असे थेट आलेले वकील आजवर किती?

बोटांवर मोजण्याइतके. पहिले एस. एम. सिक्री, १९६४ मध्ये. राज्यघटनेची मूलभूत चौकट संसदेला बदलता येत नाही, असं ठरवणाऱ्या केशवानंद भारती खटल्याच्या पीठाचे पुढे सरन्यायाधीश म्हणून प्रमुख तेच होते. मग एस. सी. रॉय, कुलदीप सिंग, संतोष हेगडे, नरिमन. लळीत सहावे, आणि सिक्रींनंतर सरन्यायाधीश झालेले दुसरे. त्यांच्यानंतर एल. नागेश्वर राव, इंदू मल्होत्रा, पी. एस. नरसिंह आणि विश्वनाथन. इंदू मल्होत्रा या वाटेनं आलेल्या पहिल्या महिला, २०१८ मध्ये.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. माझ्यासाठी कोणती वाट आहे?

जिल्हा न्यायाधीशपदाची थेट भरती असते. कलम २३३ नुसार किमान ७ वर्षांची वकिली लागते आणि परीक्षा द्यावी लागते. उच्च न्यायालयासाठी परीक्षा नसते. कलम २१७ प्रमाणे १० वर्षांची वकिली लागते, मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नाव सुचवतात. तिथे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठांपुढे रोज उभे राहणारे वकीलच सहसा नजरेत येतात. तालुक्याला उत्तम फौजदारी वकिली करणाऱ्याचं नाव तिथवर पोचत नाही, ही खंत खरी आहे आणि ती वारंवार बोलून दाखवली पाहिजे.

निवृत्तीनंतर लळीत पुन्हा वकिली करू शकतात का?

नाही. कलम १२४(७) नुसार सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशाला भारतातल्या कोणत्याही न्यायालयात वकील म्हणून उभं राहता येत नाही. त्यांच्या वडिलांना अतिरिक्त न्यायाधीशपद गेल्यावर कोट घालून परत येता आलं होतं. मुलानं १३ ऑगस्ट २०१४ रोजी वकिली सोडली ती कायमची.